जपणाऱ्या हातांची उमेदवारी

सेवाग्रामच्या आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याचे २०११ साली जाहीर झाले, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. चष्मा प्रत्यक्षात गेला होता तो त्याच्या काही महिने आधी. चोरीचा तपास हे पोलिसांचे काम, आणि कोणा व्यक्तीकडे बोट दाखविण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु त्या घटनेतून जो प्रश्न उभा राहावयास हवा होता तो राहिला नाही. काल जी वस्तू जेथे होती ती आज तेथेच आणि त्याच स्थितीत आहे की नाही, हे पाहून नोंदवहीत टिपून ठेवणे कोणाचे काम आहे? ते काम त्याला कोण शिकविते? आणि शिकण्याच्या दिवसांत त्याच्या पोटाची व्यवस्था काय? चोर एका वेळी एक वस्तू नेतो. वाळवी, दमट हवा, ऊन आणि अजाण हातांनी मोठ्या श्रद्धेने केलेली साफसफाई हे चोर मात्र सगळ्याच वस्तू थोड्या थोड्या नेत असतात, आणि त्यांच्याविरुद्धची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदविली जात नाही.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास किल्ल्यांत जितका आहे तितकाच घरांत आहे. गंज पेठेतील फुल्यांचा वाडा आणि १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला झालेला तेथील हौद, गावदेवीतील मणिभवन, ग्रंथांना जागा हवी म्हणून बाबासाहेबांनी बांधलेले दादरचे राजगृह, कस्तुरबा आणि महादेवभाई यांनी जेथे अखेरचा श्वास घेतला तो पुण्याचा आगाखान पॅलेस, रत्नागिरीतील टिळकांचे जन्मघर, मालगुंडचे केशवसुतांचे घर. नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांचे कपडे व टंकयंत्र यांसारख्या नित्य वापरातील वस्तू आहेत. यादी वाढविता येईल. सरदार-दरबाऱ्यांच्या तलवारी आणि पैठण्या टिकल्या, कारण त्या पेटाऱ्यात राहिल्या. कष्टकऱ्यांची आणि त्यांच्यासाठी झगडलेल्या माणसांची भांडीकुंडी वापरून संपली. म्हणूनच जी थोडी उरली आहेत त्यांचे मोल बाजारभावाने करता येत नाही.

अशा घरांतील वस्तू जपणे हे सामान्य संग्रहालयातील कामाहून अवघड असते. संग्रहालयात वस्तू काचेच्या कपाटात ठेवता येते, कपाटातील हवा व प्रकाश ठरविता येतो. राहत्या घराचे स्मारक झाले की ती सोय उरत नाही. खुर्ची जेथे होती तेथेच असली पाहिजे, खिडकी उघडत होती तर उघडली पाहिजे, आणि पाहणाऱ्याला त्या खोलीत शिरता आले पाहिजे. घर हेच कपाट, आणि ते कपाटही जपावयाच्या वस्तूंपैकी एक. बापूकुटीचे उदाहरण घ्यावे. १९३६ साली गांधीजी शेगावला आले. त्यानंतर तेथे उभी राहिलेली ही घरे जवळपास मिळणाऱ्या माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची आहेत. कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढला आहे. आश्रमात चटई आहे, बसके मेज आहे, साप पकडण्याचा चिमटा आहे, व्हाइसरॉयशी बोलणे व्हावे म्हणून बसविलेल्या दूरध्वनीची पेटी आहे. म्हणजे माती, गवत, लाकूड, सूत, धातू अशा परस्परांशी न पटणाऱ्या द्रव्यांचा एकत्र संसार आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि लाकूड सुकून तडकते. दोन महिन्यांनी हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर जाते आणि तेच लाकूड फुगते. धातूला कोरडी हवा मानवते, तीच हवा गवताला आणि लाकडाला ठिसूळ करते. भर म्हणजे जमीन शेणाने सारवावी लागते, कौले पावसापूर्वी चाळावी लागतात. घर टिकावयाचे तर ते दरसाल नवे करीत राहिले पाहिजे. आतील वस्तू टिकावयाच्या तर त्यांत काही नवे घडता कामा नये. या दोन धर्मांचा मेळ घालणे हे पुस्तकी काम नव्हे, आणि नुसत्या सवयीचेही नव्हे.

या विद्येचा पहिला पाठ हात आवरण्याचा असतो. शिकाऊ माणसाला दुरुस्तीची घाई असते. प्रत्यक्षात त्याने पहिले काही महिने केवळ पाहावे आणि लिहावे अशी अपेक्षा असते. खुर्चीच्या कोणत्या पायाला भोके आहेत, भोकांखाली पडलेली भुकटी जुनी आहे की ताजी, पुठ्ठ्याची कड कोठे उलगडली आहे, मागील नोंदीपेक्षा डाग वाढला काय. ताजी भुकटी म्हणजे कीड जिवंत आहे; जुनी भुकटी म्हणजे लढाई संपून गेली आहे. हा फरक सांगता आला तर घरभर औषध फवारण्याचा अनर्थ टळतो. धूळ मऊ केसांच्या कुंचल्याने झटकून, हलक्या ओढीच्या यंत्राच्या तोंडावर जाळी बांधून टिपावयाची. ओल्या फडक्याने पुसावयाची नाही, कारण पावसाळ्यात ओल धरलेली धूळ पृष्ठभागाला चिकटून कवच होते. कापडावर आणि कागदावर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू नये असा सर्वमान्य संकेत आहे. दुपारच्या उघड्या उन्हात तो आकडा लाखाच्या घरात जातो. प्रकाशाने केलेली हानी साठत जाते, आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. कसर लागलेले लोकरी वस्त्र विष न वापरता, हवाबंद पिशवीत घालून गोठणबिंदूच्या खूप खाली काही दिवस ठेवून वाचविता येते. आणि जे काही करावे ते कमीत कमी असावे, पुढच्या पिढीला उलटविता यावे आणि लिहून ठेवलेले असावे.

आता याच्या शेजारी आपल्याकडील चित्र ठेवावे. जुन्या सागवानी खांबांना चकचकीत ऑईलपेंट फासलेला असतो. हस्तलिखिताच्या पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावलेली असते. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरांसह निघते. याहून उत्साही विश्वस्त असले की पत्रे थेट लॅमिनेशनला जातात, आणि उष्णतेने चिकटविलेले ते प्लास्टिक कागदाला जन्माचे बांधून टाकते. तसबिरीच्या डोक्यावर ट्यूबलाइट असते. जयंतीच्या दिवशी कहर होतो. ओले हार वस्तूंवर चढतात, कुंकवाचे डाग पडतात, समईची काजळी भिंतीवर बसते, आणि ज्याने मूर्तिपूजेवर कोरडे ओढले त्याच्याच खुर्चीची पूजा बांधली जाते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. न शिकविलेल्या माणसावर अज्ञानाचा ठपका ठेवता येत नाही.

ही विद्या जगात कोठून आली हे पाहणे समाजवादी वाचकाला उद्बोधक वाटेल. इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टकडे १९३७ च्या कायद्यानंतर मोठमोठे वाडे येऊ लागले. वारसाकर वाढला होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नोकरवर्ग मिळेनासा झाला होता. उमरावांना वाडे पेलवेनात. वाडे राष्ट्रीय ठेवा झाले, पण ते ज्यांच्या हातांनी शतकानुशतके टिकले होते त्या दासी व कारभारणी निघून गेल्या होत्या. पडदे केव्हा ओढावेत, चांदीला हात कसा लावावा, गालिचा कोणत्या बाजूने झाडावा हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. अठराव्या शतकात केंटमधील सुझना व्हॉटमन या गृहिणीने आपल्या नोकरांसाठी लिहून ठेवलेल्या सूचना आज संवर्धनाच्या इतिहासात आदराने वाचल्या जातात. उन्हाची तिरीप खोलीत येऊ देऊ नये हे तिने तेव्हाच बजावले होते. सूचना तिच्या नावाने राहिल्या, त्या पाळणाऱ्या मोलकरणींची नावे राहिली नाहीत, हे ओघाने आलेच. नॅशनल ट्रस्टने हे घरकामाचे ज्ञान पुन्हा गोळा केले, त्याला रसायनशास्त्राची जोड दिली आणि १९८४ साली हर्मायनी सँडविथ व शीला स्टेंटन यांचा गृहव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. केंटमधील नोल या वाड्याच्या जुन्या कोठारात २०१७ साली संवर्धनाची कार्यशाळा उघडली. तेथे येणाऱ्यांना काम चाललेले पाहता येते. ज्या श्रमाला अकुशल म्हणून हिणविले जात होते तो मुळातच कुशल होता, हे एका संपूर्ण देशाला तो श्रम नाहीसा झाल्यावर उमगले.

तेथेही सारे आलबेल नाही. वस्त्र-संवर्धनासाठी कॅरन फिंच यांनी १९७५ साली हॅम्प्टन कोर्ट येथे स्थापिलेले केंद्र जगन्मान्य झाले, पुढे एका विद्यापीठाचा भाग बनले आणि २००९ साली बंद पडले. विद्यार्थी थोडे, खर्च मोठा, असा हिशेब होता. पुढच्याच वर्षी ग्लासगोला ते काम नव्याने सुरू झाले म्हणून परंपरा तुटता तुटता वाचली.

हा हिशेब असाच येणार, कारण तो बाजाराचा हिशेब आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाट्य-संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना दाखवून दिले की, ज्या कामात यंत्राने वेळ वाचत नाही तेथे उत्पादकता वाढत नाही. मात्र इतर क्षेत्रांतील वेतने वाढतात म्हणून या कामाचा खर्चही वाढत जातो. एका खुर्चीचे वेतकाम कुंचल्याने साफ करावयास शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आज लागतो. तिकिटाच्या उत्पन्नातून हा वाढता खर्च भागणार नाही. दुसरे असे की, एखाद्या स्मारकाने पदरमोड करून तरुणाला तयार केले तर तो तयार झाल्यावर दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक संस्था दुसऱ्या कोणीतरी शिकवावे अशी वाट पाहत बसते. जेथे लाभ सर्वांचा आणि खर्च एकाचा, तेथे शासनाने उतरावयाचे असते. ही गोष्ट अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातील आहे.

शासन उतरते, पण कोठे? उद्घाटनात. २०१५ साली राज्य शासनाने लंडनमधील ते घर विकत घेतले जेथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले होते. घर घेतले हे योग्यच झाले. प्रश्न भांडवली खर्चानंतरच्या आवर्ती खर्चाचा आहे. इमारत, कोनशिला, पुतळा, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम यांना निधी मिळतो, कारण त्यांना एक दिवस असतो आणि त्या दिवशी एक पाहुणा असतो. रोज सकाळी साडेनऊला आर्द्रतामापकाचा आकडा लिहिण्याच्या कामाला असा दिवस नाही.

शिक्षणाची सोय या देशात मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ सालापासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. केंद्र शासनाने १९७६ साली लखनौला सांस्कृतिक संपत्तीच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तिचे पहिले प्रमुख ओ. पी. अग्रवाल यांनी एक पिढी घडविली. १९८४ साली इन्टॅक ही संस्था निघाली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी संलग्न संस्थेला १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून संवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची संवर्धन प्रयोगशाळा उत्तम समजली जाते. म्हणजे पदवीपर्यंतचा रस्ता अरुंद असला तरी आहे. तो तुटतो पदवीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. पुस्तकातील चिकणमाती आणि बापूकुटीची भिंत यांत जे अंतर आहे ते अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करूनच कापावे लागते, आणि ती उमेदवारी बहुधा बिनपगारी असते. तिला आता इंग्रजी नाव लाभले आहे, इंटर्नशिप. प्रमाणपत्र मिळते, अनुभव मिळतो, खोलीचे भाडे मात्र घरून आणावयाचे.

याचा परिणाम काय होतो हे सांगावयास पाहणीची आवश्यकता नाही. ज्याचे वडील दोन वर्षे मुंबईत वा दिल्लीत त्याला पोसू शकतात तो संवर्धक होतो. शेतमजुराची पदवीधर मुलगी बँकेच्या परीक्षेला बसते. पुढे ज्या वस्तूंवर शेतमजुरांचा आणि दलितांचा पहिला वारसाहक्क आहे त्या वस्तूंचे भवितव्य ठरविणाऱ्यांत तिचे कोणी असत नाही. आणि याच घरात, त्याच वेळी, हातात झाडू घेतलेला एक माणूस असतो, बहुधा कंत्राटावर. सर्वांत आधी तो येतो. कोणत्या कोपऱ्यात ओल आहे, कोणत्या फळीतून भुकटी पडते, हे सर्वांत आधी त्याला दिसते. त्याला कोणी विचारीत नाही, कारण झाडणे ही आपल्या समाजात जातीने वाटून दिलेली गोष्ट आहे आणि जाणणे ही वेगळी. पांढरा कोट घातलेला तज्ज्ञ वर्षातून एकदा येऊन तेच शोधून काढतो. प्रशिक्षणाची आजची रचना ही फाळणी मोडीत तर नाहीच, तिला पदवीचे कुंपण घालते.

कायद्याने एक दार किलकिले ठेवले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्यानुसार उमेदवाराला विद्यावेतन द्यावेच लागते, आणि २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही त्यात जागा झाली. परंतु उमेदवार घेणे बंधनकारक आहे ते तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना. स्मारकाच्या घरात माणसे असतात तीन वा चार. कारखान्यासाठी शिवलेला सदरा घराच्या अंगाला बसत नाही.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. यांतील कितीतरी घरे सरकारच्या नव्हे, विश्वस्त संस्थांच्या ताब्यात आहेत, आणि त्या संस्थांत पुरोगामी चळवळीतील माणसे बसलेली आहेत. गिरणीतल्या बदली कामगारासाठी मोर्चे काढलेले कार्यकर्ते स्मारकातील तरुणाला 'मानधन' देतात आणि वर सेवाभावाचा उपदेश करतात. वेतन म्हटले की हक्क येतो, भविष्यनिर्वाह निधी येतो, रजा येते. मानधन म्हटले की केवळ मान येतो आणि धनाचे मागाहून पाहता येते. संस्थेजवळ पैसा नसतो हे खरे. पण पैसा नसतानाही सभागृह बांधले जाते, स्मरणिका आर्टपेपरवर निघते. थोरांच्या त्यागाचे स्मारक चालविण्यासाठी दुसऱ्याच्या मुलांकडून त्याग वसूल करणे हे समाजवादाच्या कोणत्याच शाखेत बसणारे नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम निघाली. हात आणि बुद्धी यांचे शिक्षण एकाच कामातून व्हावे हा तिचा गाभा. संवर्धनाच्या उमेदवारीला याहून नेमके तत्त्व मिळणार नाही. त्याच परिषदेत प्राध्यापक के. टी. शहा यांनी एक आक्षेप घेतला होता: विद्यार्थ्यांच्या श्रमाच्या उत्पन्नातून शिक्षणाचा खर्च भागवू नये. गांधीजींना तो पटला नाही. आज उमेदवाराच्या फुकट श्रमावर जी स्मारके चालतात ती पाहता शहांचा आक्षेप अजून निकालात निघालेला नाही असे म्हणावे लागते. गांधीजींचे तत्त्व घ्यावे आणि शहांची अट घालावी, यात विसंगती काहीच नाही.

याचा व्यवहारी आकार असा होऊ शकतो. राज्यातील निवडक दहा घरे घ्यावीत. प्रत्येक घरी दोन वर्षांसाठी दोन उमेदवार असावेत. त्यांपैकी एक संवर्धनाचा पदवीधर; दुसरा त्या घरी आधीपासून झाडलोट वा राखणदारी करणारा, किंवा त्याच वस्तीतील शालान्त परीक्षा झालेला. दोघांनी एकमेकांचे काम शिकावे, दोघांचे विद्यावेतन सारखे असावे. वर्षातून काही आठवडे त्यांनी लखनौ वा मुंबईच्या प्रयोगशाळेत काढावेत आणि बाकीचे वर्ष एकाच घरी, चारही ऋतू पाहत. दरमहा २०,००० रुपये धरले तरी २० उमेदवारांचा वर्षाचा खर्च ४८ लाख होतो. देखरेख करणाऱ्या जाणकाराचा पगार, साहित्य व प्रवास धरून तो दुप्पट होईल. ही रक्कम स्वतंत्र अर्थशीर्षाखाली असावी, नाहीतर ती मंडप आणि रोषणाईत जाईल. दोन वर्षांनंतर त्या घरी किमान एक कायम पद असले पाहिजे. शिकवून रस्त्यावर सोडणे यालाही प्रशिक्षण म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो मोडावयाचा तर पद आधी आणि उमेदवार मागाहून, असा क्रम लावावा लागेल.

शाळा बंद पडत असताना, आरोग्यकेंद्रात औषध नसताना खुर्च्या-चष्म्यांची काळजी कशाला, असे विचारणारे कार्यकर्ते भेटतील. त्यांचा प्रश्न अप्रामाणिक नाही. पण हा पैसा शाळांच्या वाट्यातून येत नाही, तो पुतळ्यांच्या वाट्यातून यावयाचा आहे. आणि फुल्यांचा वाडा पाहावयास येणारी मुले ज्या शाळांतून येतात त्या शाळा त्याच आहेत, ज्यांच्यासाठी हे कार्यकर्ते भांडत असतात. एखाद्या मुलाला तेथे वस्तू पाहावयास मिळते की तिच्या जागी ठेवलेली प्लास्टिकची प्रतिकृती, याने फरक पडत नाही असे म्हणण्याची हिंमत होत असेल तर ती गोष्ट वेगळी.

मार्चमध्ये अंदाजपत्रक येते. एप्रिलच्या अकरा आणि चौदा तारखांना हार चढतात. जूनच्या आत कौले चाळून व्हावी लागतात. ज्या कार्यकर्त्यांचे विश्वस्त मंडळांत बसणे-उठणे आहे त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन कागद मागवावेत: वस्तूंची यादी, तिची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली त्याची नोंद, आणि सकाळी दार उघडणाऱ्या माणसाच्या पगाराची पावती.